पिवळं दार

"या माउलीचं पोर सरकारनं दंडाला धरून फ्रान्सला नेलं!" क्लिफर्ड टटवायलरने टेबलावर मूठ आपटली. "आता पुन्हा नेऊ द्यायची का आपली पोरं?"

"नाही!" चर्चचं तळघर दणाणलं.

१९३९चा ऑक्टोबर. पोलंड पडलं होतं. तटस्थतेचा कायदा सैल करून इंग्लंड-फ्रान्सला शस्त्रं विकायची भाषा वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली होती. तिला विरोध करायला आयोवातलं हे गाव रविवारची प्रार्थना आटोपून जमलं होतं. क्लिफर्ड गावातल्या धान्यकोठाराचा मालक. सभा त्यानेच बोलावली होती.

ओटिली ब्रांडहॉर्स्ट उठली. साठी उलटलेली, जर्मनीहून नवरी होऊन आलेली शेतकरीण. 'पुन्हा युद्ध नको' एवढंच म्हणून तिने बसायचं, असं ठरलं होतं. पहिल्या रांगेत तिची मुलगी इर्मा डोळ्यांना रुमाल लावायच्या तयारीतच होती. एकवीस वर्षांपूर्वी, मागच्या महायुद्धात भाऊ मारला गेला तेव्हा ती लहान होती, पण त्याला कसं ओढून नेलं हे ऐकतच ती मोठी झाली होती.

"कोन्राडला सरकारनं नेलं नाही," ओटिली म्हणाली. "मी पाठवला."

कुणाच्या तरी हातातली कपबशी खडखडली.

"आई, काय बोलतेस तू?"

"सोळाचा होता. भरतीच्या साहेबाला मी सांगितलं, अठरा पुरी झालीत. कोन्राड माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याला जायचं नव्हतं गं, इर्मा. एक गाय व्यायला झाली होती, तेवढं होऊ दे म्हणाला."

इर्माने रुमाल मांडीवर ठेवला. "पण बाबा तर म्हणायचे..."

"बाबांना मीच सांगितलं, पोराला धरून नेलं म्हणून. मरेपर्यंत ते सरकारला शिव्या घालत राहिले. आता तेही गेले. कुणासाठी खोटं बोलू?"

क्लिफर्ड पुढे झाला. त्याने तिची खुर्ची जवळ सरकवली. "ओटिलीबाई, दमलात तुम्ही. बसा जरा."

"दमलेय खरी." पण ती बसली नाही. "त्या वर्षी आमच्या दाराला पिवळा रंग फासला होता. भेकड म्हणून, फितूर म्हणून. जर्मन माणसं ना आम्ही! रस्त्यात आपल्या भाषेत बोलायची बंदी. दुकानात गेलं की पीठ संपलेलं असायचं. मी ते दार खरवडून खरवडून नखं मोडून घेतली. वाटलं, घरातलं एक पोर गणवेशात दिसलं की लोक सोडतील आपल्याला. आणि सोडलं हो! तो गेला त्याच आठवड्यात शेजारणी केक घेऊन आल्या."

तिने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"स्टेशनवर त्याला निरोप द्यायचा, तर मला धड इंग्रजी येत नव्हतं, आणि जर्मन बोलायची भीती. मी त्याची कॉलर सारखी केली. तेवढंच."

मागच्या बाजूने गावात नव्याने आलेल्या मास्तरीणबाईंचा आवाज आला, "कुणी फासला होता रंग?"

बरीच पिकली डोकी खाली गेली. ओटिलीने कुणाकडे पाहिलं नाही. इर्मा मात्र वळून एकेक चेहरा बघू लागली. हेच लोक कोन्राडच्या नावाने दरवर्षी फुलं घेऊन घरी यायचे.

क्लिफर्डचा हात अजून खुर्चीच्या पाठीवर होता. तो त्याने काढून घेतला.

"मी," तो म्हणाला.

त्याची बायको ताडकन उभी राहिली.

"मी फासला." तो बायकोकडे न बघता बोलत राहिला. "पोर सोळाचं होतं, हे नव्हतं हो ठाऊक मला. देवाशपथ. आणि मला वाटायचं, तुम्हांला कळलंच नाही... ठाऊक असतं तर तुम्ही माझ्या सभेला आला असता होय?"

ओटिली पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली.

"मी खिडकीत उभी होते, क्लिफर्ड," ती म्हणाली. "म्हणून तर तू बोलवायला आलास, तेव्हा लगेच हो म्हटलं."