मास्तरांची दुरुस्ती

"बिग, बिगर... पुढे काय, सर?" थेरपिस्टने परत विचारलं. मास्तर खिडकीकडे बघत राहिले.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. डोकं कुठवर शाबूत आहे, ते आज कळणार होतं. म्हणून थेरपिस्टने मुद्दाम इंग्रजी काढलं होतं, मास्तरांनी जन्मभर तेच शिकवलं होतं ना! शिकवलं कसलं, लोकांना पिडलं. पाहुणा असो की दूधवाला, चूक कानावर पडली की मास्तर जागच्या जागी दुरुस्त करणार. जावयाला तर पहिल्याच भेटीत टोकलं होतं.

सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती बायकोने. तिचं इंग्रजी ऐकून ऐकून शिकलेलं. मोठ्या हौसेने ती नवऱ्याला लोकांसमोर 'मोस्ट क्लेव्हरेस्ट' म्हणायची, आणि कौतुक राहायचं बाजूलाच. "अगं, मोस्ट तरी म्हण, नाहीतर शेवटी 'एस्ट' तरी लाव. एका डोक्यावर दोन टोप्या कशाला?" मास्तर हसायचे, पाहुणे हसायचे. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"स्मॉल, स्मॉलर...?"

मास्तरांची नजर खिडकीबाहेरच. मुलीने आईचा हात घट्ट धरला. थेरपिस्ट आवराआवर करायला लागली, तशी आईला राहवेना. ती उठली, मास्तरांच्या अगदी समोर जाऊन बसली आणि थेरपिस्टला मोठ्यांदा म्हणाली, "ही इज मोस्ट क्लेव्हरेस्ट मॅन!"

मास्तरांनी मान वळवली. बायकोकडे बघितलं. ओठ थरथरले.

बोला हो, तिने मनातल्या मनात हात जोडले. करा सगळ्यांसमोर माझा पाणउतारा.

"ब... बरोबर," मास्तर म्हणाले.

"बोलले! बाबा बोलले!" मुलगी नाचायचीच बाकी राहिली. थेरपिस्टने टाळ्या वाजवल्या. जावई तर चार लोकांना कळवायला फोन घेऊन बाहेर पळाला.

आई मात्र तोंडावर हात दाबून हमसून हमसून रडायला लागली.

"आई, वेडी आहेस का? एवढे दिवस रडली नाहीस, आणि आता?"

"अगं," ती म्हणाली, "मी मुद्दाम चुकले होते."