सळई
चौक गावच्या वीटभट्टीवर कोळशाच्या ढिगातून धूर निघताच मी सगळ्यांसमोर कामावरच्या कोंडीवर ओरडलो, "विडी टाकलीस ना गं?" शेठ म्हणाले, "मुकादम, हिला आजच काढा." कोंडी म्हणाली, "दादा, मी विडी वढत नाय. वैनीची सळय बगितलीस का?" ढिगात खोचलेली ती लोखंडी सळई माझ्या बायकोची. कोळसा हवा लागून आतून आपोआप तापतो, म्हणून ती रोज सळईला हात लावायची आणि गरम लागली की ढीग उलथायला सांगायची. ती वारल्यावर ते काम माझ्याकडे आलं. पण सळईच्या टोकाला तिच्या साडीची चिंधी होती. ती पाहिली की हात पुढे जात नव्हता. आता सळई धरताच तळहात भाजला. तरीही "गार आहे" म्हणणार होतो, पण कोंडीनं चिंधी सोडून माझ्या हाताला बांधली. खाली बघूनच म्हणालो, "शेठ, मला काढा."