लुप्सुकोने

"आधी मला आडवी पाडा, मग हे गोठ्यात न्या!" म्हाताऱ्या लोविसानं दारातच हात पसरले.

कायनूच्या त्या खेड्यात, फिनलंडच्या उत्तरेकडच्या अंगाला, नुकतीच वीज आली होती. तिचा मुलगा ऊर्हो नवंकोरं यंत्र उराशी धरून बर्फात तसाच उभा राहिला. "आई, अगं लुप्सुकोने आहे हे. लुप्सु म्हणजे दूध काढणं..."

"ते मला नको शिकवूस! अन् कोने म्हणजे? आमच्या लहानपणी कोने मांत्रिकाच्या थैलीत असायचं. अस्वलाची नखं, सापाचं मुंडकं. दुसऱ्याच्या गाई आटवायला! तेच नाव लावून आलंय हे मेलं."

"आता सगळ्याच यंत्रांना कोने म्हणतात गं!"

"म्हणेनात का."

सून सायमी बादली घेऊन किएलो गाईपाशी बसली. हिवाळाभर तिची बोटं आखडत होती. यंत्र परत गेलं तर गाई विकाव्या लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन-चार धारा निघाल्या आणि उजवी मूठ जी मिटली ती उघडेचना. गाईच्या कुशीला कपाळ टेकून ती मुकाट रडू लागली.

लोविसा दार सोडून जवळ आली. तिनं सुनेची मूठ हातात घेतली, एकेक बोट चोळून सरळ केलं.

"बोलली का नाहीस गं, पोरी?"

"काय बोलू, आई?"

म्हातारी तरातरा गेली, डांबराची बुधली घेऊन आली. गाईंना करणी बाधू नये म्हणून गोठ्याच्या दारावर दरवर्षी काढायची तसाच क्रूस तिनं यंत्राच्या झाकणावर काढला. मग मुलावर खेकसली, "बघत काय बसलायस? आण आत!"

पंप धडधडू लागला. किएलोनं एकदा मान वळवून पाहिलं आणि रवंथ सुरू केलं. दूध आपलं आपण उतरत होतं. सायमीचे हात मांडीवर रिकामे पडले होते. ती सासूकडे वळली.

"आई, फार उपकार झाले तुमचे."

"माझे कसले डोंबलाचे?"

लोविसा वाकली. उभा जन्म दूध काढून काढून वाकडी झालेली बोटं तिनं यंत्राच्या थरथरत्या पत्र्यावर ठेवली.

"देव तुझं भलं करो रे बाबा," ती यंत्राला म्हणाली. "माझ्या वेळी एकाही मेल्या मांत्रिकाला हे सुचलं नाही."