वळसा

नर्स अप्पांच्या कोपराला पट्टी बांधत असताना त्यांची मुलगी शर्वरी धापा टाकत दवाखान्यात शिरली. "अप्पा, स्कूटर घसरली तेव्हाच मला का नाही कळवलंत?"

"फोन फुटला गं. पण तुला हात करून हाक मारली होती की, कारखान्याच्या वळणावर. रस्त्याकडेलाच बसलो होतो."

तासाभरापूर्वी शर्वरी त्याच वळणावरून गेली होती. आडवी पडलेली स्कूटर अंधूक आठवत होती, पण माणूस काही केल्या आठवेना. गाडीच्या स्पीकरवर दादाशी जुंपली होती. अप्पांना यापुढे कोणी सांभाळायचं, यावर त्याला काय उत्तर द्यावं, यातच तिचं सगळं डोकं अडकलं होतं.

"शप्पथ अप्पा, तुम्ही मला दिसलाच नाहीत!"

"असं कसं? माझ्याकडे बघितलंस, गाडी हळू केलीस, इंडिकेटर देऊन व्यवस्थित वळसा घातलास." अप्पा पट्टीकडे बघत राहिले. "काच उघडी होती, बाळ. 'मला आता जमणार नाही, दादा,' असं म्हणालीस ना? मग मी पुन्हा हाक नाही मारली."