धाकट्यानं आधी उचलावं

गाडी दोनदा खोकली आणि पुन्हा गप्प झाली. मीनाने स्टेअरिंगवर हात आपटला.

"तिला मारून काय उपेग, ताई?" बबलू मिस्त्री बॉनेटखालून बोलला. "हे दुसऱ्या गाडीचं कार्बोरेटर हाय. कितीबी ठोकून बसवलं तरी ती घेऊन न्हाई राह्यली. हिचं सोताचंच पाहिजे."

गाडीचं मूळ कार्बोरेटर कुठे आहे ते घनसावंगीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दोन गल्ल्या पलीकडे, पुंजारामकाकांच्या घरी. आणि त्या घराची पायरी मीनाच्या घरातलं कुणी चढत नव्हतं.

गाडी आजोबांनी हैदराबादच्या एका नवाबाकडून आणलेली. लाल, उघडी, विलायती, आणि दोनच माणसं बसतील अशी. घरात पंगत उठायची एवढी माणसं, तरी आजोबांना दोन सीटची गाडी का घ्यावीशी वाटली, देव जाणे. पुढे वाटण्या झाल्या. रिवाजाप्रमाणे वाटे थोरल्याने पाडले आणि आधी उचलायचा मान धाकट्याला. मीनाच्या वडिलांनी, रामरावांनी, एका वाट्यात विहिरीचा तुकडा ठेवला, दुसऱ्यात मुरमाड जमीन आणि तिच्यासोबत ही गाडी. काकांनी विहीर उचलली. तेवढ्यावर पोट भरलं नाही म्हणून गाडीचं कार्बोरेटरही खोलून नेलं, गाडी जागची हलू नये म्हणून. मीना हे कळत्या वयापासून ऐकत आली होती.

बाबा रोज संध्याकाळी शेडमध्ये येऊन गाडीत बसायचे. डावीकडे. उजवीकडे स्टेअरिंग पोटाला लागतं म्हणायचे. तिथली गादी खचून खड्डा पडला होता, दाराच्या काठाचा रंग कोपर टेकून टेकून उडाला होता. "अंबडच्या रस्त्याला मी ही वाऱ्यासारखी पळवायचो," ते सांगायचे, आणि मग काकांना शिव्या द्यायचे. प्राण जाताना मीनाचा हात धरून एवढंच बोलले, "गाडी रस्त्यावर आण, बाई."

रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी बाबांचा फोटो घेऊन अंबडपर्यंत जायचं, असं मीनाने मनाशी धरलं होतं. त्यासाठी वर्षभर ती सुट्टी लागली की जालन्याहून येत होती, या शेडमध्ये राबत होती. टायर नवे, वायरिंग नवी, ब्रेक नवे. उंदरांनी घर केलेल्या गाद्यासुद्धा तिने आपल्या हाताने साफ केल्या होत्या. आणि आता एका वीतभर लोखंडापायी सगळं घोडं अडलं होतं. तिला रडू आलं. मग रडू आल्याचा राग आला. त्या रागातच ती दोन गल्ल्या ओलांडून गेली.

पुंजारामकाका ओट्यावर बसले होते. मीनाने रामराम घातला नाही.

"बाबांचं कार्बोरेटर द्या."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग आत गेले आणि फडक्यात बांधलेली पुरचुंडी घेऊन आले. फडकं तेलात भिजलेलं होतं, आणि नवं होतं. मीना भांडायची सगळी तयारी करून आली होती. तिने हात पुढे केला, पण काकांनी पुरचुंडी दिली नाही.

"मीच बसवतो. चल."

शेडमध्ये येऊन काकांनी ते बसवलं. मीनाने किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, थरथरली आणि चालू झाली. चालूच राहिली. बबलूने टाळी वाजवली. मीनाला आनंद व्हायला हवा होता, पण ती काकांकडे वळली.

"एवढंच होतं ना, काका? तुम्ही हे नेलं नसतं तर बाबांनी मरेपर्यंत गाडी चालवली असती."

काका हात पुसत राहिले. "दादाला गाडी येत न्हवती, मीना."

"काय बोलता?"

"चालवायचो मी. दादा बाजूला बसायचा. लोकायला वाटायचं, थोरला हाय, मानानं बसतो. वाटे पाडताना त्यानं मुद्दाम गाडी मुरमाडासंगं ठेवली. त्याला वाटलं, हा गाडीवर जीव टाकतो, गाडीच उचलणार, मंग विहीर आपल्याला राहती. मी विहीर उचलली. लालूच मला बी होतीच. मंग दादा आल्ता माझ्याकडं. म्हणला, पुंज्या, गाडी माझ्या गळ्यात पडली, आता लोक म्हणतील चालव. तू त्यातलं कायतरी खोलून ने. तू नेलं म्हणून सांगतो. विहीर घेऊन बसल्तो, न्हाई कसं म्हणू?"

"मग बोलणं का बंद केलं?"

"आधी लोकायला दाखवायला. बोलत राह्यलो असतो तर खरं कुणाला वाटलं असतं? मंग दादा शिव्या द्यायला लागला. पहिल्यांदा त्या बी दाखवायच्याच होत्या, बाई."

बबलू बॉनेटवर हात ठेवून उभा होता. गाडी एका लयीत चालली होती.

"जा आता, पळव," म्हणत काका जायला वळले.

मीना उजवीकडून उतरली. गाडीला वळसा घालून आली, दार उघडलं आणि डावीकडच्या त्या खड्ड्यात बसली.

"काका," ती म्हणाली, "अंबडच्या रस्त्याला घ्या."