हात वर

मलकापूरच्या पुढं, आडबाजूच्या एका गावात रुद्रय्या गुरुजींनी गुऱ्हाळाच्या छपरात बी.एड. कॉलेज सुरू केलं. मास्तरानं खोटं बोलायचं नाही, हा गुरुजींचा एकच नियम. गुरुजी गेले, पण दारावरच्या त्या वाक्याला दर दिवाळीला नवा रंग चढतो.

त्याच कॉलेजच्या विद्याश्रीचा आज गावातल्या शाळेत चौथीच्या वर्गावर परीक्षेचा पाठ होता. विषय प्रामाणिकपणा. परीक्षक यायच्या आधी प्राचार्य स्वतः वर्गात आले.

"पोरांनो, काय बी विचारू दे, हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असलं तर उजवा, येत नसलं तर डावा. कळलं?" मग ते विद्याश्रीकडं वळले. "तू फक्त उजवा हात बघून उठीव. घाबरतीस कशाला? आपल्या कॉलेजची जुनी पद्धत हाय ही. मीबी असाच पास झालोय की!"

पाठ झकास झाला. खूश होऊन परीक्षकांनीच मागच्या बाकावरून एक प्रश्न टाकला. "कधीच खोटं न बोलणाऱ्या, तुमच्या ओळखीच्या एका तरी मोठ्या माणसाचं नाव कोण सांगेल?"

क्षणात अख्ख्या वर्गाचे हात वर गेले.

"वा! गुरुजींचं कॉलेज शोभतंय खरं," म्हणत परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

फळ्यापाशी उभी असलेली विद्याश्री मात्र अजूनही एखादा तरी उजवा हात शोधत होती.