मौनाचा टप्पा

"तास संपला, तरी एकही मूल बोललं नाही," शिक्षणाधिकारी म्हणाले. "बाई, हा इंग्रजीचा तास होता की कवायतीचा?"

निवड समितीतले दोघे हसले. तिला काही वाटले नाही. नवरा गेल्यापासून तिला कशाचेच काही वाटत नव्हते. तिने शांतपणे सांगितले, की परकी भाषा शिकणारी मुले आधी नुसती ऐकतात आणि ऐकलेले करून दाखवतात. त्यांना बोलायची सक्ती करायची नसते. तयारी झाली की ती आपण होऊन बोलतात, आणि बहुधा शिक्षकालाच हुकूम सोडतात.

"असं घडताना तुम्ही पाहिलंय?"

"नाही."

"सोमवारी दुसरी फेरी आहे. बघा, जमलं तर या."

सरकारी शाळेतली ही नोकरी मिळाली नाही, तर सासऱ्यांना घेऊन भावाच्या दारी राहायला जावे लागणार होते. तरीही तिने मनाशी ठरवले, पुन्हा जायचे नाही.

तासाचा सराव तिने घरीच केला होता. विद्यार्थी एकच, सासरे. आयुष्यभर ते कारखान्यात फोरमन होते. यंत्रांच्या खडखडाटातही त्यांचा आवाज वेगळा ऐकू येई. मुलगा गेला आणि त्यांचे बोलणे बंद झाले. ती दोन्ही तळवे वर उचलून म्हणे, "स्टँड अप." ते उठत. "टेक द बॅग." ते बॅग घेत. "ओपन द डोअर." ते दार उघडत. त्यांच्या चेहऱ्यावर काही नसे. तिच्याही नसे.

शेजारीण एकदा दारातून म्हणाली होती, "आमच्याकडे सुना सासऱ्यांचं ऐकतात. तुझ्याकडे उलटाच कारभार, बाई."

सोमवारी सकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चहाही केला नाही. बऱ्याच वेळाने पायांशी कोणीतरी येऊन उभे राहिले. सासरे होते. दाढी केलेली, हातात तिची बॅग. त्यांनी बॅग जमिनीवर ठेवली. दोन्ही तळवे वर उचलले.

"स्टँड अप."

आवाज गंजलेला होता. ती उठली.

"टेक द बॅग."

तिने बॅग घेतली.

"ओपन द डोअर."

दुसऱ्या फेरीतही मुले बोलली नाहीत. शिक्षणाधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

"आपण होऊन बोलतात म्हणता. कधी पाहिलंत का, बाई?"

"हो," ती म्हणाली. "आज सकाळी."